हॉकियांगाच्या खाडीवर लुटलो गेल्याची हकीकत

न्यूझीलंडहून आलेल्या माणसाला पुण्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. मेंढ्या पाहिल्यात का, आणि तिकडे आपलं जेवण मिळतं का? मेंढ्या पाहिल्या, लांबून, मोटारीच्या काचेतून, आणि त्यांनीही माझ्यात फारसा रस दाखवला नाही. जेवणाचं पुढे येईलच. सदाशिव पेठेत राहणारी माझी नणंद मात्र तिसराच प्रश्न विचारते, रोज फोन करून: "वहिनी, लुटलं म्हणजे नक्की काय झालं हो?" तिला तुकड्यातुकड्यानं सांगून मी दमले. म्हणून एकदाच काय ते लिहून काढते.

आमचं मंडईमागे दोरखंडाचं दुकान आहे. सुतळी, काथ्या, मांडवाचे दोर, नायलॉन, सगळं. राहायला आम्ही वारज्यात. एकुलता एक मुलगा केदार इंजिनिअर होऊन शिकायला न्यूझीलंडला गेला तो तिथेच नोकरीला लागला. देशाच्या पार उत्तर टोकाकडे, डोंगरातले रस्ते पावसात खचतात ते परत उभे करायचं त्याचं काम. तिथल्याच शाळेत शिकवणारी आनाहेरा नावाची माओरी मुलगी त्याला आवडली, त्याला ती. तिच्या घरात शेवटचा शब्द तिच्या आजीच्या बहिणीचा, नॅनी मेरेचा. आजीला तिकडे नॅनी म्हणतात. नॅनी हो म्हणेपर्यंत आनाहेरा लग्न करणार नव्हती, आणि मुलाकडचं कोणी येऊन समोर बसल्याशिवाय नॅनी विषयच काढू देत नव्हती.

"दोघंही गेलो तर दुकान कोण बघणार?" असं म्हणून ह्यांनी अंग काढून घेतलं. "तूच बोल. तसंही बोलायचं काम तुझंच असतं."

म्हणून मी एकटीच निघाले. आत्ताच सांगून टाकते, नॅनीचा नकार आला असता तर मला फार वाईट वाटलं असतं असं नाही. नकार आला तर केदार परत येईल, दुकानात बसणार नाही पण निदान वारज्यात तरी राहील, असा एक हिशेब माझ्या मनाच्या तळाशी होता. तो मी कोणाला दाखवला नव्हता.

रावेने

ऑकलंडच्या विमानतळावर माझा कढीपत्ता आणि ओली हळद काढून घेतली. मी दुकानातून काथ्याची एक सुबक लडी भेट म्हणून नेली होती, ती त्या अधिकारी बाईनं दिव्याखाली धरून धाग्याधाग्यानं तपासली. आमच्या मालाकडे इतक्या आदरानं मंडईतही कोणी कधी पाहिलेलं नाही. गोडा मसाला, मेतकूट आणि नवा कुकर सुखरूप सुटले.

तिथून उत्तरेला बरेच तास मोटारीनं गेलं की हॉकियांगा नावाची लांबलचक खाडी लागते. तोंडाशी एका बाजूला वाळूचे सोनेरी डोंगर, आत शिरावं तसं चिखल, तिवरं आणि शांत पाणी. कोकणात आल्यासारखं वाटतं, फक्त माणसं काढून घेतलेलं कोकण. रावेने हे खाडीकाठचं छोटंसं गाव. मोटारी पलीकडे नेणारी फेरीबोट, एक दुकान, आणि फळ्यांची, पत्र्याच्या छपरांची घरं. केदारनं तिथे घर भाड्यानं घेतलं होतं.

वाटेत त्यानं होडीची गोष्ट सांगितली. आनाहेराच्या हेनारेकाकांची मासेमारीची होडी तो मागच्या हिवाळ्यात घेऊन गेला, परत आणून धक्क्याला बांधली, आणि गाठ सुटली. होडी रात्रीच्या भरतीत वाहत जाऊन खडकांवर फुटली. दोरखंडवाल्याचा मुलगा आणि त्याला गाठ मारता येऊ नये, हे ऐकून मलाच शरमल्यासारखं झालं. पण घरातलं कोणी चकार शब्द बोललं नाही म्हणे. "नो वरीज" म्हणाले आणि चहा दिला. मी म्हटलं, केवढी मोठ्या मनाची माणसं! पुण्यात अशी होडी फुटली असती तर केदारच्या नातवाच्या मुंजीतही तिचा विषय निघाला असता. केदार यावर गप्प बसला. मला वाटलं, रस्ता वळणाचा आहे म्हणून.

नॅनी मेरे फाटकाशी उभी होती. ठेंगणी, पांढरे केस घट्ट बांधलेले, हनुवटीवर निळ्या गोंदणाच्या रेषा. आमच्या गोंदलेल्या आज्या मला आठवल्या आणि मी सवयीनं पाया पडायला वाकले. नेमकी त्याच क्षणी ती नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवायला पुढे झुकली. होंगी म्हणतात त्याला, दोघांनी एकच श्वास घ्यायचा. आमची डोकी खाडकन एकमेकींवर आपटली. आनाहेरानं तोंडावर हात धरला. नॅनी कपाळ चोळत म्हणाली की ही बाई घाईची दिसते. मग आम्ही पुन्हा, या वेळी सावकाश, नाकं टेकवली.

जेवायला डुकराचं मांस आणि पाथरीसारख्या कडवट पाल्याचा रस्सा होता. मी शाकाहारी म्हटल्यावर माझ्यापुढे भाजलेली कूमरा ठेवली. कूमरा म्हणजे आपली रताळी, सख्खी! चारी बाजूंनी समुद्र, आणि या लोकांचे पूर्वज होड्यांतून रताळी घेऊन इथे आले. मी सांगितलं की आमच्याकडे उपासाला याचा कीस करतात. उपासाला खातात, हे नॅनीला काही पटेना. तिच्या मते उपास म्हणजे न खाणं.

लग्नाचा विषय मी त्या जेवणात दोनदा काढला. दोन्ही वेळा नॅनीनं खिडकीबाहेर पाणी कुठवर आलंय ते पाहिलं आणि मला आणखी एक रताळं वाढलं.

दलदलीत

माझं दोरखंडाचं दुकान आहे हे कळल्यावर मात्र तिचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी तिनं मला घरामागच्या दलदलीत नेलं. तिथे माणसापेक्षा उंच, तलवारीसारख्या पात्यांची झुडपं होती. हाराकेके. इंग्रज त्याला फ्लॅक्स म्हणाले. बाहेरची पाती तिनं तिरकी कापली. मधला कोंब आणि त्याच्या दोन्ही बाजूंची दोन पाती यांना हात लावायचा नाही. मधलं मूल, बाजूचे आईबाप. बाकीचे आजी-आजोबा, ते कापलेले चालतात, असं ती स्वतःच आजी असून शांतपणे म्हणाली.

मग तिनं शिंपल्याची कड पात्यावर दाबून सरकन ओढली. हिरवा गर निघून गेला आणि हातात राहिला पांढरा, रेशमी धागा. मी तो ताणला, बोटाला गुंडाळला, कानाशी धरून तोडायचा प्रयत्न केला. तुटेना. इतकी वर्षं मी दोर विकतेय, असा धागा मी पाहिला नव्हता. मी माझी काथ्याची लडी तिला दिली. तिनं ती हुंगली, अंगठ्यानं चोळली आणि म्हणाली की हिच्यात समुद्र आहे. ते खरंच होतं, काथ्या खाऱ्या पाण्यातच कुजवतात.

याच धाग्यासाठी गोरे व्यापारी पहिल्यांदा इथे उतरले होते. जहाजांना दोर हवे होते. आनाहेराच्या घराण्याचा एक मूळपुरुष त्यांच्यातलाच. टॉम नावाचा कोणी इंग्रज, त्याला इथे तामे म्हणू लागले. मी दुकानदार असल्यामुळे माझे प्रश्न दुकानदाराचे. भाव कोण ठरवायचं? तो की हे? माल दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता यायचा का?

नॅनी हसली. तिनं सांगितलं की तामे आपल्याला दुकानदार समजत होता, पण खरं म्हणजे तोच इथल्या टोळीच्या सरदाराच्या मालकीचा होता. कुठे झोपडी बांधायची, कोणाशी बोलायचं, कोणाचा माल घ्यायचा, सगळं सरदार ठरवायचा. आपल्या गावात एक गोरा असणं ही मोठी गोष्ट होती. मला आमच्याकडे गावात पहिला नळ आला तेव्हाचं वर्णन आठवलं. शेजारच्या गावांचा जळफळाट, आणि नळ कोणी पळवून नेऊ नये म्हणून राखण. गोरा पळून जाऊ नये म्हणून सरदारानं त्याला आपली पुतणी दिली, किरी. ती त्याची बायको झाली, दुभाषी झाली, आणि बहुतेक मालकीणही.

"आणि मालाच्या बदल्यात काय द्यायचा तो?" मी विचारलं.

"घोंगड्या, कुऱ्हाडी, लोखंडी भांडी. मग बंदुका." त्याच आवाजात तिनं पुढचं सांगितलं. एका बंदुकीला ढीगभर धागा लागायचा. शेजारच्या टोळीकडे बंदुका आल्या की आपल्याकडेही हव्यात. म्हणून टेकडीवरची कोरडी घरं सोडून सगळे दलदलीत राहायला आले. बायका दिवसभर गार चिखलात बसून शिंपल्यानं पाती खरवडायच्या. कूमऱ्याची शेतं ओस पडली. मुलं खोकायला लागली.

मी हातातल्या धाग्याकडे पाहिलं. इतका मऊ, देखणा माल, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला हे. दुकानात बसून आपल्याला दोराचं एकच टोक दिसतं. मला वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलं. तिनं माझ्या दंडावर थोपटलं आणि चहाला चल म्हणाली.

वाटी

त्या दुपारी मी घोळ घातला.

आनाहेरा शाळेतून डोकं धरून आली. नॅनीच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून डोळे मिटून राहिली. नॅनी बाहेर धागे वाळत घालत होती. आता कोणतीही मराठी बाई अशा वेळी काय करेल? मी पिशवीतून खोबरेल काढलं. फळीवरची एक चिनीमातीची वाटी घेतली, तेल कोमट केलं, वाटी जेवणाच्या टेबलावर ठेवली, शेजारी कंगवा ठेवला, आणि तिला म्हटलं, बस खाली. ती क्षणभर थबकली. मग माझ्याकडे पाहून हसली आणि माझ्या पायाशी बसली. मी तिच्या टाळूवर तेल जिरवायला लागले. सुंदर दाट केस. होणाऱ्या सुनेच्या डोक्याला तेल लावताना माझ्या मनातला तो तळाचा हिशेबही पातळ व्हायला लागला होता.

नॅनी दारात आली. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं, मग टेबलाकडे, वाटीकडे, कंगव्याकडे. आनाहेरा ताडकन उठली. नॅनीनं वाटी दोन बोटांत धरून बाहेर नेली. थोड्या वेळानं फावड्याचा आवाज आला.

घरी जाताना केदारनं समजावलं.

"आई, डोकं म्हणजे त्यांच्यात सगळ्यात तापू. म्हणजे पवित्र, सेक्रेड. आणि फूड एकदम उलट. दोन्ही कधी एकत्र आणायचं नाही. टेबलावर टोपीसुद्धा ठेवत नाहीत. तू तिच्या सूपच्या बोलमधून डोक्याला तेल लावलंस."

मला पटायला वेळ लागला नाही. माझ्या कणकेच्या परातीत कोणी पाय धुतले असते तर मी ती परात पुन्हा घरात घेतली असती का? "मग आनाहेरानं मला थांबवलं का नाही?" मी विचारलं.

"तू एवढ्या प्रेमानं बस म्हणालीस. तिला नाही म्हणवलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लगेच त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. चला, आता नकार नक्की. केदार परत येणार. मी खिडकीतून खाडीकडे पाहत बसले, मला माझीच लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. केदार मात्र जेवला नाही.

शनिवारची सकाळ

सकाळी मी पोहे भिजवत होते, तेव्हा दाराशी मोटारी थांबल्या. आधी एका बाईची लांब, उंच हाक ऐकू आली, मग पावलं. दार ढकलून हेनारेकाका आत आले, त्यांच्यामागे आनाहेराची आई, मावश्या, चुलतभाऊ, आणि सगळ्यांच्या मागे काळ्या पोशाखात, काठी टेकत नॅनी मेरे. कोणी नमस्कार केला नाही. हेनारेकाकांनी सरळ भिंतीवरचा टीव्ही काढायला घेतला.

एकानं केदारची सायकल उचलली. एकानं मासे धरायचा गळ. मावशी स्वयंपाकघरात शिरून माझे डबे काढायला लागली. गोडा मसाला गेला, मेतकूट गेलं, चिवडा गेला. खुंटीवरची माझी काश्मिरी शाल गेली. मी इंग्रजीत काहीतरी बोलायला गेले, पण अशा वेळी इंग्रजी येत नाही. "अहो, हे काय चाललंय? आपल्याला काही रीतभात?" मी मराठीत विचारलं. नॅनी गॅसपाशी गेली आणि तिनं माझा नवा कुकर उचलला.

मी कुकरचा दुसरा कान धरला. तिनं ओढला, मी ओढला.

"आई, सोड," केदार म्हणाला. मी वळून पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, रिकाम्या घरात, आणि त्याचे डोळे भरून आले होते. पण तो हसत होता. "नेऊ दे, आई. प्लीज."

मी कुकर सोडला. नॅनी तो घेऊन बाहेर गेली, पायरीवर बसली, कुकर मांडीवर ठेवला आणि मला शेजारी बसायची खूण केली. तिथे तिनं मला तामेची राहिलेली गोष्ट सांगितली.

तामेच्या बेपर्वाईनं एकदा त्याचं लहान मूल चुलीत पडून भाजलं. मूल वाचलं. पण दुसऱ्या दिवशी किरीचं सगळं गोत भाले घेऊन आलं आणि त्याचं कोठार धुऊन नेलं. घोंगड्या, कुऱ्हाडी, तंबाखू, काही ठेवलं नाही. तामे संतापला. मी यांना माझी माणसं समजत होतो आणि यांनी मला लुटलं, आता पुढच्या जहाजानं निघतो, म्हणाला. किरीनं त्याला वेड्यात काढलं. मूल त्याचं एकट्याचं नव्हतं, साऱ्या गोताचं होतं. त्याला इजा झाली तर गोतानं भरपाई घ्यायला यायचं, आणि ज्याची चूक त्यानं ती घेऊ द्यायची. मग चूक फिटली, कोणी मनात ठेवायचं नाही. याला मुरू म्हणतात. जितका माणूस मोठा, जितका जवळचा, तितकी लूट मोठी. गोत आलंच नसतं, तर तामेनं घाबरायला हवं होतं.

"आता असं कोणी करत नाही," नॅनी म्हणाली. "मी लहान असताना एकदा पाहिलं होतं. काल ती वाटी पुरली आणि रात्री सगळ्यांना फोन केले. हेनारेला तर टीव्ही कसा काढायचा तेही माहीत नव्हतं."

मी विचारलं, "मग होडी फुटली तेव्हा का नाही आलात?"

तिनं कुकरचं झाकण उगाच फिरवलं. "तेव्हा तो पाहुणा होता. परक्याचं आम्ही काही नेत नाही. त्याला चहा देतो."

केदार दारात उभा राहून ऐकत होता. मला तेव्हा कळलं की होडीच्या गोष्टीनंतर तो गप्प का बसला होता. वर्षभर सगळे त्याच्याशी गोड वागत होते, आणि त्या गोडव्याचा अर्थ त्याला माहीत होता.

"लग्नाचं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लहान वाटला.

"ज्याच्या घरात भांडं उरलं नाही, तो जेवायला कुठे जाणार?" नॅनी म्हणाली. "आमच्याकडे."

दुपारी आम्ही सगळे तिच्या अंगणात जेवलो. माझा गोडा मसाला त्यांनी भाजलेल्या कूमऱ्यावर मिठासारखा भुरभुरला होता, आणि मावशी माझी शाल अंगावर घेऊन वाढत होती. तिला शोभत होती. मी परत काही मागितलं नाही, द्यायचंही कोणी म्हटलं नाही. आनाहेरा माझ्याशेजारी येऊन बसली. मी हात उचलला, थांबले, आणि तो तिच्या पाठीवर ठेवला.

आमची संध्याकाळ म्हणजे पुण्यात दुकान उघडायची वेळ. मी खाडीच्या काठावर जाऊन ह्यांना फोन लावला. मागे शटर वर जाण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आपल्याला लुटलं हो."

"काय काय नेलं?" ह्यांनी विचारलं. दुकानदाराचा पहिला प्रश्न.

"कुकर नेला. डबे नेले, टीव्ही नेला, माझी शाल नेली." मग म्हटलं, "आणि केदारला नेलं."

मग मी सगळं सांगितलं. वाटी, फावडं, तामे, पायरी, सगळं. मधे कोणीतरी सुतळी मागायला आलं, त्याला ह्यांनी थांबायला सांगितलं.

"मुलगा आपण आधीच देऊन बसलो होतो," ते शेवटी म्हणाले. "कुकर मात्र नवा होता."

असं म्हणाले खरे, पण त्यानंतर बराच वेळ त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.